पेठांमधल्या गणेश मंडळांना खुलं पत्र : एक पाटी तुमच्या चौकात

कसबा, शनिवार, बुधवार, शुक्रवार आणि सोमवार पेठेतल्या सर्व गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी महापालिकेला लिहायला घेतलं होतं. अर्धं लिहून झालं आणि लक्षात आलं, की जे काम मी मागतेय ते शेवटी चौकातच होणार आहे आणि चौक तुम्ही सांभाळता. पेठेत पाण्याची लाइन फुटली, चौकातला दिवा गेला, रात्री कुणाला दवाखान्यात हलवायची वेळ आली, की माणूस आधी मंडळाच्या पोरांना हाक मारतो. आमच्या घरीही दोनदा तसंच झालंय. म्हणून हाक तुम्हालाच मारते.

मागणं एवढंच आहे. प्रत्येक मंडळानं आपल्या चौकात किंवा आळीच्या तोंडाशी एक पाटी लावावी आणि ती वर्षभर सांभाळावी. या पाटीवरून पुढच्या पाटीकडे, तिथून त्याच्या पुढच्या, अशी पेठांमधून एक चालायची वाट तयार व्हावी. गाइड नको, वेळ ठरवायला नको, नाव नोंदवायला नको. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं यावं आणि आपल्या चालीनं चालावं.

'आपल्या चालीनं' हे शब्द माझ्यासाठी फार महत्त्वाचे आहेत. ते कुठून आले ते सांगते.

माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत. जन्म कसब्यातला, कुंभारवेशीजवळचा. आता आम्ही सगळे वारज्याला राहतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी त्यांना घेऊन एका हेरिटेज वॉकला गेले. शनिवारवाड्यापासून सुरुवात होती, पंचवीसएक माणसं होती. माहिती सांगणारा मुलगा चांगला अभ्यास केलेला होता, बोलायचाही छान. पण बाबांच्या हातात काठी. लाल महालापर्यंत पोचेपर्यंत आम्ही दोघं इतके मागे पडलो, की पुढे काय सांगताहेत ते ऐकूच येईना. मुलानं दोनदा थांबून वाट पाहिली. तिसऱ्यांदा बाबाच म्हणाले, "त्यांना जाऊ दे, सगळ्यांचा खोळंबा होतोय." मग आम्ही कसबा गणपतीचं दर्शन घेतलं आणि बाहेर टेकलो.

आणि तिथं बसल्यावर बाबा बोलायला लागले. आधी घराबद्दल, मग पानशेतबद्दल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. मला म्हणाले, चल दाखवतो. आम्ही हळूहळू नदीच्या बाजूला गेलो. एका जुन्या भिंतीपाशी ते थांबले, काठी उचलली आणि स्वतःच्या डोक्याच्याही वर, हात पुरेल तिथपर्यंत टेकवून म्हणाले, "इथपर्यंत." त्या भिंतीवर काहीच लिहिलेलं नाही. रंग उडालेला चुना, एक वायर आणि एका क्लासची जाहिरात. बाबा नसते तर मी त्या भिंतीकडे वळून पाहिलंही नसतं, आणि बाबांनंतर तिथं पाणी कुठवर आलं होतं हे सांगणारं कुणी नसेल.

त्या दिवसापासून मी एक नकाशा काढते आहे. वहीच्या पानावर, पेन्सिलीनं. दर रविवारी बाबांना घेऊन जाते, एका वेळी चार-पाच ठिकाणं, मधे चहा. बारा-तेरा रविवार झाले असतील. त्यात जे दिसलं त्यातलं थोडं लिहिते, म्हणजे पाटीवर काय असावं असं मला वाटतं ते कळेल.

तांबट आळीपासून सुरू करते, कारण ती सापडते कानानं. सकाळी नऊ-साडेनऊनंतर गेलात तर वळायच्या आधीच ठोके ऐकू येतात. एका कारागिराच्या दाराशी आम्ही अर्धा तास उभे होतो. पातेल्यासारखं एक भांडं लोखंडी खुंट्यावर पालथं घालून तो ठोकत होता. डाव्या हातानं भांडं केसभर फिरवायचं, उजव्या हातानं हातोडी. प्रत्येक ठोक्याला तांब्यावर नखाएवढा एक चकचकीत ठसा, त्याला लागून दुसरा. ओळ सरळ, पण आखलेली रेघ कुठंच नाही. याला मठारकाम म्हणतात. मला ते आजवर निव्वळ नक्षीकाम वाटायचं. त्या कारागिरानं सांगितलं, नुसतं दिसायला नाही, ठोक्यांनी पत्रा टणक होतो, भांड्याला ताकद येते. फार ठोकला की तांबं ताठरतं, मग भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं. पेशवाईपासून हे काम या आळीत चालत आलेलं आहे. आळीच्या तोंडाशी 'आधी ऐका' एवढे दोन शब्द लिहिलेली पाटी असली तरी माझं समाधान होईल. आणि त्याखाली एक ओळ : काम चालू असताना फोटो काढण्यापूर्वी विचारा.

तिथून नागझरी ओढ्याच्या बाजूला गेलात की सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. पुण्यात जन्म काढलेल्या किती जणांनी हे देऊळ पाहिलेलं नाही, हे मी गेले काही महिने विचारून पाहतेय आणि दर वेळी हळहळते. गल्ली अरुंद, चारी बाजूंनी इमारती, आणि मध्येच समोर काळ्या दगडाचं ते दर्शनी तोंड. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ साली काम सुरू केलं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. आत मोरावर बसलेला, तीन सोंडांचा गणपती. गर्भगृहाच्या भिंतीवर शिलालेख, त्यात संस्कृतही आहे आणि फारसीही. पण बाबांना खुर्चीवर बसवून मी खरी पाहत बसले ती दाराजवळची शिल्पं. त्यात एक गेंडा साखळदंडानं बांधलेला आहे आणि तो बांधणारे इंग्रज शिपाई आहेत. पुण्यात पेशव्यांचं राज्य असताना, एका गोसाव्यानं बांधलेल्या देवळाच्या दगडात इंग्रज शिपाई कोरलेले! याचा अर्थ अभ्यासक लावतील. सामान्य माणसाला फक्त एवढं हवं असतं, की कुणीतरी बोट दाखवून म्हणावं, इकडे बघा, हा गेंडा. एवढं काम पाटीनं करावं.

आता लाल महाल. शहाजीराजांनी जिजाऊ आणि बाल शिवबासाठी बांधलेला मूळ वाडा केव्हाच नाहीसा झालाय. आज उभी आहे ती इमारत महापालिकेनं बांधलेली, १९८८ साली पूर्ण झालेली. माझ्या समोर एक बाई आपल्या मुलाला खांब दाखवून म्हणत होत्या, "याच खांबाला शिवाजी महाराजांनी हात लावला असेल." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला काही बोलवलं नाही. पण ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो याच परिसरात, हे खरंच आहे, आणि ते खरं सांगायला खोट्या खांबाची गरज नाही. पाटीवर सरळ लिहावं : मूळ महाल आता नाही, ही नवी वास्तू आहे. एवढ्यानं मूळ गोष्टीचं मोल तिळभरही कमी होत नाही.

शनिवारवाड्याबद्दल फार लिहीत नाही. तो सगळ्यांना सापडतो. १० जानेवारी १७३० ला पाया, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, १८२८ ची आग, हे तिथं वाचायला मिळतंच. गर्दी तिथंच येते आणि तिथूनच परत जाते, हेच तर दुखणं आहे. दिल्ली दरवाजासमोर फोटो काढून लोक रिक्षा करतात. थोड्याच अंतरावर लाल महाल, तिथून पलीकडे कसबा गणपती, पुढे आळ्या, आणि 'इकडून जा' म्हणणारं कुणी नाही.

२९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाते. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं आता पेठांच्या ऐन पोटात आहेत. पिंपरीहून बसलेलं कुटुंब अर्ध्या-पाऊण तासात कसब्यात वर येतं. मी त्यांना जिन्याच्या तोंडाशी मोबाइल गोल गोल फिरवत उभं राहिलेलं पाहिलंय. ही माणसं पेठ पाहायला आलेली आहेत. त्यांना पहिलं पाऊल कुठं टाकायचं तेवढं सांगायचंय. माझ्या नकाशात वाटेची सुरुवात म्हणूनच कसबा पेठ स्टेशनपासून आहे आणि शेवट मंडई स्टेशनपाशी.

मधल्या टप्प्यात मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती पाण्याची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या नळानं पाणी शहरात आणलं गेलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारानं. ते शनिवारवाड्यात आलं आणि पेठांमधल्या हौदांत पडलं. काळा हौद, फडके हौद. आपण आजही ही नावं रोज घेतो. रिक्षावाल्याला 'फडके हौद' म्हणतो, 'चौक' म्हणायचीही गरज पडत नाही. शाळेतल्या एखाद्या मुलीला तिथं उभं करून सांगितलं, की तुझ्या पायाखालून कात्रजचं पाणी वाहत यायचं, तर ती तो चौक आयुष्यात विसरणार नाही. आणि याच ओघात तिला गंज पेठेपर्यंत न्यावं. तिथं १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशव्यांचे हौद आणि फुल्यांचा हौद एकाच वाटेवर पाहिले, की पाणी कुणापर्यंत पोचलं आणि कुणापर्यंत पोचू दिलं नाही, हे कळायला वेगळं भाषण लागत नाही. गंज पेठेतल्या मंडळांनीही म्हणून यात यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फुल्यांचा धागा बुधवारातही आहे. १८४८ साली मुलींची शाळा जिथं भरली तो भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, स्मारकासाठी. वाडा होता तेव्हाही रोज हजारो लोक त्याच्याकडे पाठ करून समोर दगडूशेठच्या रांगेत उभे राहायचे. माझ्या आईसकट, माझ्यासकट. पुढे मंडई. १८८६ साली मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं उघडलेली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मार्केटवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणाले होते. आज त्याच वास्तूला त्यांचं नाव आहे. भाजी घेताना हे कुणाला आठवत नाही, आणि का आठवावं, पण वाचायला मिळालं तर माणूस पिशवी खाली ठेवून एकदा त्या अष्टकोनी मनोऱ्याकडे वर बघेल.

तुळशीबागेत कानातली घेताना आत रामाचं देऊळ आहे हे ठाऊक नसलेल्या मुली मला भेटल्या आहेत. पेशवाईतले सुभेदार नारो आप्पाजी यांनी १७६१ साली सुरू केलेलं काम आहे ते. बेलबागेतलं देऊळ तर दारावरून जाऊनही दिसत नाही.

अशी वाट आहे. दगडी, लाकडी, पाण्याची, आवाजाची. पण चालणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? निळ्या पाट्या काही ठिकाणी आहेत, कोण थोर माणूस कुठं राहत होता ते सांगणाऱ्या. चांगल्या आहेत, पण त्या एकेकट्या उभ्या आहेत. या पाटीपासून पुढे कुठं जायचं, ते त्या सांगत नाहीत. आणि काही दिसतच नाहीत. एका चौकात बाबा आणि मी माहितीचा एक फलक शोधत वीस मिनिटं घुटमळलो. शेवटी चहावाल्यानं हात वर केला. फलक होता, त्याच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स होता. फ्लेक्स मंडळाचाच होता. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण ती मुलं वाईट नव्हती. मी बोलल्यावर त्यांच्यातल्या एकानं तिथल्या तिथं शिडी आणली, फ्लेक्स एका बाजूनं सोडवला आणि बाबांना खुर्ची दिली. फलक वाचून तोच म्हणाला, "काकू, मी इथंच वाढलो, हे मला पण माहीत नव्हतं."

त्या मुलाकडे पाहूनच हे पत्र लिहायचं सुचलं.

तुम्ही दहा दिवसांत काय करता ते मी लहानपणापासून पाहत आलेय. पावनखिंड, आग्र्याहून सुटका, सावित्रीबाईंची शाळा, सगळं त्या वीस बाय वीसच्या जागेत उभं करता. रात्र रात्र जागून, वर्गणी कमी पडली तर पदरचे घालून. इतिहास सांगायची हौस आणि ताकद दोन्ही तुमच्याकडे आहे. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस तोच चौक मुका का असावा? दुसरीकडे घडलेल्या गोष्टी आपण देखाव्यात आणतो आणि आपल्याच चौकात घडलेली गोष्ट तिथंच पडून राहते.

पाटी कशी असावी यावर बाबांचं आणि माझं बरंच बोलणं झालंय. लहान असावी. डोळ्यांच्या उंचीवर असावी. फ्लेक्स नकोच, दोन पावसाळ्यांत फाटतो. कडप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवर अक्षरं खोदून रंग भरला तर आपली नातवंडं वाचतील. मजकूर चार-पाच ओळींचा. इथं काय घडलं, नेमकं काय बघायचं, पुढची पाटी कुठल्या दिशेला आणि किती पावलांवर. पावलांत लिहा, मीटरमध्ये नको. बसायला कट्टा, प्यायला पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह जवळ कुठं आहे, ती शेवटची ओळ. ही ओळ कुणी फालतू समजू नये. बाबांबरोबर आणि माझ्या गुडघ्यांबरोबर तेरा रविवार चालल्यावर सांगते, माणूस वाट अर्धी सोडतो तो कंटाळून नाही, या एका ओळीअभावी सोडतो. क्यूआर कोड लावायचा तर जरूर लावा, पण कोपऱ्यात, अक्षरांच्या जागी नको. बाबांकडे साधा फोन आहे.

मजकुराबद्दल एक आग्रह. कागदोपत्री नोंद आहे ते वेगळं लिहा आणि 'असं सांगतात' ते वेगळं. पासोड्या विठोबाच्या समोर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसत म्हणून ते नाव, असं सांगतात. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, उपाशी विठोबा, प्रत्येकाची अशी एक गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी, ती आपल्या बोलण्याची दौलत आहे. फक्त ती गोष्ट आहे असं लिहून सांगावी. १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. पाटी खोदण्याआधी मजकूर जाणकारांच्या नजरेखालून घाला. आणि कुणाचा गणपती आधीचा, कुणाचा नंतरचा, हा वाद कृपा करून पाट्यांवर आणू नका. तो मिरवणुकीपुरता पुरे.

दुसरा आग्रह, वाड्यांत राहणाऱ्यांसाठी. माझं बालपण अशाच वाड्यात गेलं. दिंडी दरवाजा, देवडी, चौकात तुळस, आणि वर चढणारा अंधारा जिना. बाहेरून येणाऱ्याला तो सुंदर वाटतो. आतल्या सात बिऱ्हाडांत दोन संडास होते आणि पावसात माजघरात पातेली मांडावी लागायची. वाडे पाडू नका, असं मी म्हणणार नाही, मला तो अधिकारच नाही. आमचाही पडला. तिथं आता सात मजली इमारत आहे, लिफ्ट आहे, आणि बाबांच्या बरोबरीचे दोन शेजारी त्या लिफ्टमुळेच आजही पेठेत राहू शकतात. वाड्याच्या दाराची गणेशपट्टी मात्र बिल्डरकडून मागून घेऊन रहिवाशांनी पार्किंगमध्ये, विजेच्या मीटरांच्या वर बसवली आहे. सागवानाचं लाकूड, मधे बोटभर उंचीचा गणपती, दोन्ही बाजूंना वेल, त्यावर शंभर वर्षांच्या शेंदराचे थर. बाबा दर खेपेला जाऊन तिला हात लावून येतात. तेव्हा पाटीवर हेही असावं, की इथं माणसं राहतात, बोलावल्याशिवाय चौकात शिरू नका, दारातून पाहा. आणि जिथं वाडा गेलाय तिथं 'इथं होता' एवढं लिहायची लाज वाटू देऊ नका.

पैशांचं म्हणाल तर एका पाटीचा खर्च मंडपाच्या कमानीच्या मानानं किरकोळ आहे. परवानगी लागेल, ती काढायला मी तुमच्या कार्यकर्त्यांबरोबर हेलपाटे घालीन, निवृत्त आहे, वेळ आहे. खरी किंमत सांभाळण्यात आहे. पाटीसमोर टू-व्हीलर लागू न देणं, तिच्यावर काही चिकटू न देणं, उत्सवात मंडप तिच्यापुढे आला तर तिची प्रत मंडपाच्या खांबावर लावणं. आणि जमलं तर मंडळाच्या कार्यालयात एक रबरी शिक्का ठेवा. चालत आलेल्या पोरांच्या वहीवर उमटवून द्यायला. सगळे शिक्के गोळा करायच्या नादात ती पोरं आईबापांना ओढत सोमवार पेठेपर्यंत नेतील, मी लिहून देते.

एकदम सगळं नको. पाच मंडळांनी पाच पाट्या लावल्या तरी वाट सुरू होते.

येत्या रविवारी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी, सकाळी नऊला बाबा आणि मी तांबट आळीच्या तोंडाशी असू. नकाशाच्या झेरॉक्स बरोबर आणते. त्यात सतरा ठिकाणं आहेत आणि सहा ठिकाणी मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ती तुमच्यापैकी कुणालातरी नक्की ठाऊक असतील. येताना शक्य झालं तर एक घडीची खुर्ची घेऊन या, बाबांसाठी.

आपली,
कसब्यात वाढलेली, आता वारज्याला राहणारी एक निवृत्त शिक्षिका